पाऊच शस्त्रक्रियेनंतरही रक्त जाते आणि सांधे दुखतात: या चुका टाळा

अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणाऱ्या आजारासाठी, मोठे आतडे काढून लहान आतड्याच्या शेवटच्या भागापासून पाऊच, म्हणजे शौच साठवणारी पिशवी, तयार केला की आजार मुळापासून गेला, असे रुग्णालाच नव्हे तर घरच्यांनाही वाटते. त्यामुळे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी शौचावाटे पुन्हा रक्त जाऊ लागले आणि त्याच सुमारास गुडघे किंवा घोटे धरले, तर पहिल्याचा दोष मूळव्याधीला आणि दुसऱ्याचा वयाला देऊन दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या कप्प्यांत टाकल्या जातात. बहुतेक गोंधळ इथून सुरू होतो.

सर्वांत महागात पडणारी चूक वेदनाशामक गोळ्यांची आहे. सांधे दुखतात म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा नॅप्रोक्सेन घेतले जाते. या गोळ्या पाऊचच्या अस्तराला सूज आणि व्रण आणू शकतात, रक्तस्राव वाढवू शकतात, आणि पाऊचची सूज वाढली की काही रुग्णांचे सांधे अधिकच दुखतात. मग गोळ्यांचे प्रमाण वाढते आणि चक्र फिरत राहते. पोटातून घेण्याऐवजी इंजेक्शन घेतले तर आतडे वाचेल, हा समजही चुकीचा आहे, कारण औषध रक्तावाटे आतड्यापर्यंत पोहोचतेच. काही मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर डायक्लोफेनॅकही असते, म्हणून वेष्टनावरील घटक वाचल्याशिवाय ‘साधी गोळी’ घेऊ नये. नुसते पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत सहसा चालते. पाऊचच्या तज्ज्ञाला भेटताना गेल्या काही आठवड्यांत घेतलेल्या प्रत्येक वेदनाशामक गोळीचे नाव सांगावे; अस्थिरोगतज्ज्ञाने दिलेली गोळी इथे सांगण्याचे कारण नाही, असे मानून ती बहुधा वगळली जाते.

दुसरी चूक म्हणजे रक्त दिसताच ‘पाऊचायटिस आहे’ असे ठरवून मागच्या वेळची सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा मेट्रोनिडाझोल ही प्रतिजैविके पुन्हा सुरू करणे. पाऊचायटिस, म्हणजे पाऊचची सूज, साधारण निम्म्या रुग्णांना कधी ना कधी होते हे खरे. पण तिची ठळक लक्षणे शौचाचे वाढलेले प्रमाण, घाई, पोटातील कळा आणि कधी ताप ही असतात. वारंवार ताजे लाल रक्त हेच मुख्य लक्षण असेल, तर कफायटिसचा, म्हणजे पाऊचखाली उरलेल्या जुन्या अस्तराच्या सुजेचा, विचार आधी व्हायला हवा. स्टेपलरने जोड देताना गुदमार्गाच्या वर जुन्या गुदाशयाच्या अस्तराची साधारण एक ते दोन सेंटीमीटर पट्टी उरते, आणि त्या पट्टीत मूळ कोलायटिसच शिल्लक राहू शकतो. तिथे प्रतिजैविकांचा फारसा उपयोग होत नाही. मेसालामाइन या सूज कमी करणाऱ्या औषधाच्या किंवा स्टेरॉइडच्या सपोसिटरी, म्हणजे गुदमार्गात ठेवायच्या औषधी वड्या, देतात. ही पट्टी अगदी खाली असल्याने सपोसिटरी बोटाने खोल पाऊचमध्ये ढकलण्याची गरज नसते, आणि झोपण्यापूर्वी पाऊच रिकामा करून ती ठेवली तर औषध जागेवर अधिक वेळ राहते.

याचा निवाडा अंदाजाने होत नाही. पाऊचची दुर्बिणीतून तपासणी करताना पट्टी, पाऊच आणि त्याच्या वरचे लहान आतडे, या तिन्ही ठिकाणचे नमुने घेतले गेले का, हे रुग्णाने विचारावे. वरच्या आतड्यात व्रण दिसले तर वेदनाशामक गोळ्यांचा परिणाम किंवा क्रोन्स आजार (लहान आतड्यालाही होणारा आतड्याचा दाहक आजार), या दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात. प्रतिजैविके वारंवार झाली असतील तर क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जंतूसाठी शौचाची तपासणी आधी व्हावी. केवळ कागदाला लागणारे रक्त सोललेल्या त्वचेचे किंवा चिरेचेही असू शकते, परंतु ते ठरवण्यासाठीही डॉक्टरांनी तो भाग प्रत्यक्ष पाहायला हवा.

आता सांध्यांविषयी. गुडघा, घोटा यांसारख्या मोजक्या मोठ्या सांध्यांची सूज बहुधा आतड्याच्या सुजेबरोबर चढते आणि उतरते, म्हणून तिथे पाऊचवरचा उपचार हाच सांध्यांवरचाही उपचार ठरू शकतो. बोटांच्या लहान सांध्यांचे आणि पाठीच्या कण्याचे दुखणे मात्र आतड्याकडे न पाहता स्वतःच्या चालीने चालते. पहाटे पाठ आखडून जाग येणे, सकाळची ताठरता अर्धा तास किंवा अधिक टिकणे आणि हालचालीने बरे वाटणे, ही दाहक संधिवाताची खूण आहे. याशिवाय दोन गोष्टी सहज निसटतात. वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णाच्या जांघेत दुखत असेल, तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित झालेला असू शकतो. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असताना टाचेमागचा स्नायुबंध दुखू लागला, तर ते दुखणे सांध्याचे नसून औषधाचे असू शकते. अशा वेळी पुढची मात्रा घेण्यापूर्वी डॉक्टरांना कळवावे.

संधिवाततज्ज्ञ आणि पोटविकारतज्ज्ञ यांनी एकमेकांशी न बोलता औषधे ठरवणे, ही चूक रुग्णाची नसली तरी तिचा त्रास त्यालाच होतो. एटानरसेप्ट हे संधिवातावरचे औषध सांध्यांना उपयोगी पडते, पण आतड्याच्या दाहावर प्रभावी नाही. वेडोलिझुमॅब हे आतड्याच्या दाहावरचे औषध मुख्यतः आतड्यावर काम करते, म्हणून सांधे तसेच राहू शकतात. एकाचा कागद दुसऱ्याच्या हाती पोहोचेल, याची तजवीज रुग्णाला स्वतः करावी लागते.

थोडे थोडे रक्त दीर्घकाळ जात असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासावे. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळपट होतो, त्यामुळे त्या सुरू असल्यास डॉक्टरांना सांगावे.

रक्ताच्या गुठळ्या पडणे, चक्कर, छातीत धडधड, तीव्र पोटदुखी किंवा तापाबरोबर एकच सांधा लाल, गरम होऊन सुजणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सहन होईना, तर नेत्रतज्ज्ञाकडेही तितक्याच तातडीने जावे, आणि पाऊचची शस्त्रक्रिया झाल्याचे तिथेही सांगावे.