नोकरी सांभाळून दीर्घ पल्ल्याची माउंटन बाइक शर्यत

सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना यूसीआय माउंटन बाइकच्या मॅरेथॉन प्रकारासाठी साधारणपणे ६० ते १६० किलोमीटरचा पल्ला धरते. व्यावसायिक स्पर्धक ज्या मार्गावर चार-साडेचार तास घालवतो, तिथे नोकरी आणि घर सांभाळून सराव करणाऱ्या हौशी स्पर्धकाला सहज सात-आठ तास लागतात. म्हणजे ज्याचा सराव कमी, त्यालाच सीटवर जास्त वेळ काढायचा असतो. त्यामुळे व्यावसायिकांचे सरावाचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही. माझ्या अनुभवात हौशी माणसाची शर्यत पायांच्या आधी पोट, टायर आणि कातडी यांच्यामुळे फसते, आणि या तिन्हींचा बंदोबस्त आधी करून ठेवता येतो.

आठवड्याला आठ ते दहा तास मिळत असतील तर त्यातला बहुतेक वेळ अशा वेगाने सायकल चालवावी, की शेजारच्याशी धाप न लागता पूर्ण वाक्यात बोलता येईल. मधल्या वारी एक किंवा दोनदा चढावर आठ-दहा मिनिटांच्या कठीण फेऱ्या घ्याव्यात आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब फेरी करावी, जी हळूहळू वाढवत शर्यतीच्या अपेक्षित वेळेच्या साधारण दोन-तृतीयांशापर्यंत न्यावी. लांब फेरी शक्यतो कच्च्या वाटेवरच करावी, कारण डांबरी रस्त्यावर पाय तयार होतात, परंतु चार तास हादरे सोसणारे मनगट, खांदे आणि कंबर तयार होत नाहीत. शेवटच्या दहा-बारा दिवसांत सरावाचे तास निम्म्यावर आणावेत. या काळात अंगात उगाच जडपणा वाटतो आणि आणखी एक मोठी फेरी मारण्याचा मोह होतो, तो टाळावा.

शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या कर्बोदकांचा, साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅमच असतो आणि जोरकस श्रमात तो दोनेक तासांत तळाला लागतो. म्हणून पहिल्या अर्ध्या तासातच, भूक नसतानाही, खायला सुरुवात करावी आणि ताशी सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहावे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे मिश्रण घेतल्यास हे प्रमाण ९० ग्रॅमपर्यंत नेता येते, कारण आतड्यात या दोन साखरा वेगवेगळ्या वाटांनी शोषल्या जातात. मात्र पोटाला याची सवय लांब फेऱ्यांमध्येच लावावी लागते. पाचव्या तासानंतर गोडाची शिसारी येते, तेव्हासाठी काहीतरी खारट खिशात असावे. खडबडीत उतारावर एका हाताने वेष्टन फोडता येत नाही, म्हणून वेष्टनांचे कोपरे आदल्या रात्रीच थोडे फाडून ठेवावेत.

टायर ट्यूबलेसच, म्हणजे आत ट्यूब नसलेले, असावेत आणि आतला सीलंट, म्हणजे बारीक भोके आपोआप बुजवणारा द्रव, दर दोन-तीन महिन्यांनी तपासावा, कारण तो आत सुकून रबरी पापुद्रा होतो आणि ऐन वेळी भोक बुजवत नाही. पंक्चर झाल्यावर काय करायचे याची घरी एकदा रंगीत तालीम करावी. फस्स असा आवाज येऊन पांढरा फवारा उडू लागला, की उतरून चाक फिरवावे आणि भोक खाली आणावे, म्हणजे सीलंट तिथे जमा होतो. तेवढ्याने गळती थांबली नाही तर प्लगची चिकट पट्टी सुईत ओवून भोकात दाबावी, तिची दोन्ही टोके बाहेर अर्धा इंच राहिली की सुई झटक्यात ओढून काढावी आणि मगच हवा भरावी. सरावलेल्या हाताला हे दोन मिनिटांचे काम आहे. मी पहिल्यांदा केले तेव्हा सुईसकट पट्टीही बाहेर आली आणि वीस मिनिटे गेली. याशिवाय एक सुटी ट्यूब, चेनची जोडकडी, चेन तोडता येणारे मल्टिटूल आणि स्वतःच्या फ्रेमला बसणारा डिरेलर हँगर, म्हणजे मागची गियर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा छोटा धातूचा तुकडा, जवळ ठेवावा. हँगर फ्रेमनुसार वेगवेगळा असतो, त्यामुळे सोबतच्या स्पर्धकाकडून उसना मिळेल अशी आशा ठेवू नये. नवे ब्रेक पॅड शर्यतीच्या सकाळी बसवू नयेत; ते डिस्कवर आधी घासून बसावे लागतात.

कातडीबद्दल थोडक्यात सांगायचे तर सायकलिंगच्या पॅडच्या चड्डीखाली अंतर्वस्त्र घालू नये, घासणाऱ्या जागी क्रीम लावावे आणि शर्यतीसाठी राखून ठेवलेली कोरी चड्डी, मोजे किंवा बूट त्या दिवशी प्रथमच वापरू नयेत.

शर्यत सुरू होताच सगळे सुसाट निघतात, कारण पुढे वाट अरुंद होऊन कोंडी होणार हे प्रत्येकाला माहीत असते. अशा कोंडीत दोन-चार मिनिटे गेली तरी चालतील, पण पहिल्या तासात धाप लागून बोलणे बंद होईल इतका जोर लावू नये. तीव्र चढावर वेग चालण्याइतकाच उरला, तर उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा मानू नये. दक्षिण आफ्रिकेत २००४ पासून होणाऱ्या केप एपिकसारख्या आठ दिवसांच्या शर्यतीत दोघांचा संघ असतो आणि दोघांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलेले चालत नाही. अशा ठिकाणी जोडीदार मैत्रीपेक्षा वेग जुळतो का हे पाहून निवडावा, नाहीतर शर्यतही जाते आणि मैत्रीही.

संपल्यावर, आंघोळीच्याही आधी, खिशात उरलेले खाणे मोजावे आणि कोणत्या तासाला काय खायचे राहिले, बोटे कधी बधिर झाली, टायरची हवा किती होती हे लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी आठवण फार उदार होते आणि सगळा दोष चढावर टाकून मोकळी होते.