कोंडवाड्याचा हिशेब कसा मागायचा

मृगाचा पाऊस होऊन सोयाबीन-पऱ्हाटी वर आली की गावोगावचे कोंडवाडे भरायला लागतात. उभ्या पिकात सापडलेली गाय, रस्त्यावर बसणारे गोऱ्हे, पायाने अधू झाल्यावर सोडून दिलेला बैल, सगळी एकाच भिंतीआड. ज्याला मालक आहे ते जनावर दंड भरून सुटतं. मागे राहतात ती, ज्यांना विचारायला कोणी येत नाही. देखरेख खरी त्यांच्यासाठी हवी.

"ढोरं उपाशी आहेत" एवढीच तक्रार केली तर "चारा टाकतो ना रोज" एवढंच उत्तर मिळतं आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून सुरुवात कागदापासून करा. तीन कागद लागतात: जनावरांची आवक-जावक नोंदवही, दंडाच्या पावत्या (ग्रामपंचायतीची सामान्य पावती म्हणजे नमुना ७) आणि चाऱ्याची बिलं. कोंडवाड्यातली जवळजवळ प्रत्येक गडबड या तिन्हींच्या न जुळण्यात दिसते. वहीत २० जनावरं सुटलेली आणि पावत्या १२ असतील, तर ८ जणांचा दंड वरच्या वर गेला, किंवा ती जनावरं दुसऱ्याच वाटेने बाहेर पडली.

त्याआधी एक प्रश्न लेखी विचारा: आपला कोंडवाडा १८७१ च्या गुरे-अतिक्रमण कायद्याखाली चालतो, की ग्रामपंचायत अधिनियमातल्या कोंडवाड्याच्या तरतुदींखाली? नगरपंचायत असेल तर तिचा कायदा वेगळा. दंडाचे दर, लिलावाची मुदत, तक्रारीची मुदत हे सगळं या उत्तरावर ठरतं. १८७१ चा कायदा लागू असेल तर कोंडवाडेवाल्याने प्रत्येक जनावराचं वर्णन, कोंडल्याचा दिवस आणि वेळ, आणणाऱ्याचं नाव-गाव आणि माहीत असेल तर मालकाचं नाव लिहायचं असतं, आणि त्या नोंदीची नक्कल आणणाऱ्याला द्यायची असते. दंडाचे आणि चारापाण्याचे दर कोंडवाड्यावर किंवा जवळ ठळक जागी लावायचे असतात. हा फलक बहुतेक ठिकाणी नसतो. त्याचा फोटो, म्हणजे फलक नसलेल्या भिंतीचा फोटो, हा तुमचा पहिला पुरावा.

माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. "कोंडवाड्याची संपूर्ण माहिती द्यावी" असं लिहिलं की "माहिती मोघम आहे" असं उत्तर येतं. त्याऐवजी असं लिहा: "दि. १ जून ते ३० सप्टेंबर या काळातील कोंडवाड्याच्या आवक-जावक नोंदवहीच्या, दंडाच्या पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींच्या आणि चारा खरेदीच्या देयकांच्या छायांकित प्रती द्याव्यात. तसेच मूळ नोंदवही व कोंडवाड्याच्या जागेचे अवलोकन करू द्यावे." शेवटचं वाक्य गाळू नका. कायद्यात कागदासोबत कामाची पाहणी करण्याचाही हक्क आहे. मूळ वही समोर आली की एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेलं पानच्या पान डोळ्यांना लगेच कळतं. झेरॉक्समध्ये ते कळत नाही.

मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये. आमच्याकडे बरेच अर्ज इथेच मरतात, कारण लोक महिनाभर वाट पाहतात आणि अपिलाची तारीख विसरतात. अर्ज दिला त्याच दिवशी दोन्ही तारखा दुसऱ्या प्रतीवर लिहून ठेवा. त्या प्रतीवर आवक क्रमांक, सही आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.

बिलं हातात आली की गुणाकार करा. ३०० किलोच्या आसपासच्या गावठी गाईला पोटापुरता म्हणून दिवसाला किमान ६ किलो कोरडा चारा लागतो. ८ जनावरं १० दिवस ठेवली तर ४८० किलो. बिलात या हिशेबाच्या निम्मंही कुटार (मळणीनंतरचा भुसा) नसेल तर जनावरं उपाशी होती, आणि दुप्पट असेल तर चारा कुठे गेला ते विचारायचं. नुसत्या सोयाबीनच्या कुटारावर जनावर टिकत नाही. त्यात ज्वारीचा कडबा आणि थोडी ढेप (पेंड) हवी. पावसात भिजून बुरशी लागलेलं कुटार तर टाकूच नये. पाणी थंडीत ३० ते ४० लिटर, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ५० ते ६० लिटर एका जनावराला. म्हणजे ८ जनावरांना उन्हाळ्यात २०० लिटरचा ड्रम दिवसातून दोनदा भरून कसाबसा पुरतो.

पाहणीला दुपारी २ ते ४ मध्ये जा. सकाळी नुकतंच झाडलेलं असतं, आणि सावली सगळीकडेच असते. टाक्यात हात घाला: तळाशी गाळ आणि कडेला हिरवं शेवाळ असेल तर पाणी बदललेलं नाही, वरून ओतलेलं आहे. पाणी हाताला गरम लागत असेल तर जनावर ते पुरेसं पीत नाही. मोठ्या गाईला छपराखाली साडेतीन चौरस मीटर आणि मोकळी जागा सात चौरस मीटर, हा गोठ्याचा मान्य हिशेब आहे; टेप घेऊन जा आणि मोजा. गाभण गाय, लहान वासरं आणि मारका गोऱ्हा एकत्र आहेत का, अंगावर गाठी आलेलं जनावर वेगळं बांधलंय का, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर वहीत लिहिलाय का, हे टिपा. बिल्ल्याचा नंबर ही फार कामाची गोष्ट आहे. त्यावरून मालक शोधता येतो, आणि विकलेली गाय तीच होती का हे नंतर ताडता येतं.

आजारी जनावर दिसलं तर पाहणी थांबवा आणि १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवर फोन लावा. मेलेलं असेल तर पशुधन विकास अधिकाऱ्याकडून शवविच्छेदनाची लेखी मागणी त्याच दिवशी करा. पुरल्यावर काही सिद्ध होत नाही. पोलिसांनी गुन्ह्यात पकडलेली जनावरं हा मुद्देमाल असतो. त्यांचा हिशेब वेगळ्या यादीत मागा, नाहीतर दोन्ही आकडे मिसळतात.

बंद फाटक चढून आत जाऊ नका, कोंडवाडेवाल्याच्या अंगावर जाऊ नका. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा दाखल झाला की ढोरं बाजूला राहतात आणि तुम्ही तारखा करत बसता. बहुतेक ठिकाणी तो माणूस तुटपुंज्या मानधनावर असतो आणि चाऱ्याचे पैसे त्याच्या हातात वेळेवर पडत नाहीत. त्याला बाजूला घेऊन विचारलं तर तोच सगळ्यात खरी माहिती देतो.

सगळ्यात जास्त लक्ष लिलावावर ठेवा. १८७१ च्या कायद्यात कोंडल्यापासून ७ दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचं, नोटीस लावायची, गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी द्यायची, आणि आणखी ७ दिवसांनी जाहीर लिलाव. कोंडवाडेवाल्याने किंवा संबंधित अधिकाऱ्याने ते जनावर स्वतः किंवा दुसऱ्याच्या नावावर घ्यायचं नाही. म्हणून नोटिशीची प्रत, दवंडीची तारीख, बोली लावणाऱ्यांची यादी आणि अंतिम रक्कम मागा. दरवेळी तोच एक घेणारा आणि बाजारभावाच्या पाव किंमत दिसली तर पुढचं सांगायला नको.

एवढं जमलं की ग्रामसभेत जा. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या सभा धरून चाला. विषय आठवडाभर आधी लेखी द्या, नाहीतर "आयत्या वेळचा विषय" म्हणून टाळतात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी संख्या. तेवढी माणसं आणणं तुमचं काम समजा, आणि त्यात ज्यांचं पीक खाल्लं गेलं ते शेतकरी असू द्या. ते विरोधात गेले तर ठराव पडतो. ठरावाचा मसुदा असा देता येईल:

"कोंडवाड्यासाठी पाच जणांची देखरेख समिती नेमावी, त्यात दोन महिला, एक पशुपालक, एक शेतकरी व एक ग्रामपंचायत सदस्य असावा. समितीस पूर्वसूचनेशिवाय आठवड्यातून एकदा पाहणीचा व नोंदवहीवर शेरा लिहिण्याचा अधिकार राहील. मासिक आवक, सुटका, मृत्यू, लिलाव, दंड व चारा खर्च दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. लिलावावेळी समितीचे दोन सदस्य हजर असावेत."

"शेरा लिहिण्याचा" हे शब्द कोणी गाळायला सांगितले तर मानू नका. नुसत्या पाहणीचा कागद राहत नाही.

ठराव दाबला तर गटविकास अधिकाऱ्याकडे आणि तिथून जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे जा. जनावरांच्या हालाबाबत पुरावा असेल तर प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला द्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा जिल्हा लोकशाही दिनही वापरा, पण तिथे तक्रार वैयक्तिक लागते. ५० सह्यांचं निवेदन परत येतं. ज्या शेतकऱ्याची गाय कोंडवाड्यातून गेली, त्याच्या एकट्याच्या नावाने, विहित नमुन्यात, १५ दिवस आधी अर्ज द्या. ठराव मंजूर झाला तर आठवड्याभरात त्याच्या नकलेसाठी अर्ज करा, आणि इतिवृत्तात शब्द बदललेले दिसले तर पुढच्या ग्रामसभेत इतिवृत्त कायम होण्याआधीच लेखी हरकत घ्या.