भुसावळहून केफालोनिया: एका निवृत्त गार्डाचं टाइमटेबल

"ग्रीसला गेले आणि सँटोरिनी नाही पाहिलं?" हा प्रश्न मला भाजीबाजारापासून सावद्याच्या लग्नापर्यंत सगळीकडे विचारून झाला आहे. नाही पाहिलं. मुद्दामच नाही पाहिलं. सँटोरिनी बेटावरची ती पांढरी घरं पूर्वेकडच्या एजियन समुद्रातली. तिकडे पाऊस कमी आणि डोंगर बोडके. दर मे महिन्यात भुसावळच्या पंचेचाळीस डिग्रीत भाजून निघणाऱ्या माणसाने पैसे मोजून बोडके डोंगर कशाला बघायचे? ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्र आहे. तिथे हिवाळ्यात भरपूर पाऊस पडतो, म्हणून बेटं हिरवी. कॉर्फू, पाक्सी, लेफकाडा, इथाका, केफालोनिया, झाकिंथोस आणि खाली एकटं पडलेलं किथिरा, असा सात बेटांचा हा गट. आम्ही चौघं सप्टेंबरात गेलो होतो: मी, आमची मंडळी, मुलगी आणि जावईबुवा.

पहिला नियम जंक्शनचा. सात दिवसांत पाच बेटं असली पाकिटं घेऊ नका. निम्मा वेळ बॅगा चढवण्या-उतरवण्यात जातो. मी रेल्वेत गार्ड होतो, डब्यात चढलेल्या माणसापेक्षा फलाटावर ताटकळलेला माणूस जास्त थकतो हे मला माहीत आहे. एकच बेट भुसावळ समजायचं, तिथे मुक्काम टाकायचा आणि बाकी फाटे तिथून करायचे. आमचं जंक्शन केफालोनिया. या गटातलं सगळ्यात मोठं बेट तेच.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. मोठ्यांची फी ९० युरो, सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३० हजार युरोंचा हवा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. आम्ही रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन दुसऱ्या रात्री परत आलो. गाडी चालवणारा कोणी असेल तर त्याने आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. जावईबुवांनी जळगावहून काढला. तो वर्षभर चालतो. तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. पहिले दोन दिवस जावईबुवा वळणावर वायपर लावायचे आणि इंडिकेटर विसरायचे.

अथेन्सहून केफालोनियाला विमान आहे, तासाभराचं. पण आम्ही बसने गेलो आणि तेच बरं केलं. किफिसोस स्थानकावरून बस निघते, साडेतीन-चार तासांत किलिनी बंदराला येते आणि तिथे बससकट सगळे बोटीच्या पोटात. दीड तासाने केफालोनियाचं पोरोस बंदर. बोटीचं ते भलंमोठं दार खाली पडतं, ट्रक, बस, मोटारी शिस्तीत बाहेर येतात आणि पाच-दहा मिनिटांत परतीची वाहनं आत जायला लागतात. मी कठड्याला टेकून हे सगळं शंटिंग बघत राहिलो. मंडळी केव्हाच खाली उतरल्या होत्या.

तिकीट काढताना एक घोळ टाळा. पोरोस नावाचं एक वेगळं बेटही आहे, अथेन्सजवळ. तुम्हाला हवं ते केफालोनियातलं बंदर. तसंच झाकिंथोसवर आयिओस निकोलाओस नावाची दोन ठिकाणं आहेत, एक उत्तर टोकाला आणि एक दक्षिणेला. बोट उत्तरेच्या बंदराला लागते. आम्ही खोली दक्षिणेची घेऊन बसलो होतो. नावं वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाकडून ही चूक झाली, म्हणून जरा जास्तच लागली.

राहायचं अर्गोस्तोलीला, केफालोनियाच्या मुख्य गावी. आता इथलं पाणी कसं बघायचं ते सांगतो, कारण केफालोनियाचा सगळा जीव त्यात आहे. आपला खानदेश काळ्या बसाल्टचा. पाणी त्यावरून वाहतं, फार तर भेगांत मुरतं. अजिंठ्याला लेणी हवी होती तर माणसाला छिन्नी घ्यावी लागली. केफालोनिया चुनखडीचं आहे. चुनखडी पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळते, आणि लेणी पाणी स्वतःच कोरतं.

आधी काताव्होथ्रेसला जा. गावापासून चालत अर्धा-पाऊण तास. रस्त्याच्या कडेला खडक, त्यात भोकं, आणि समुद्राचं पाणी त्या भोकांतून आत जातंय. लाट येऊन मागे फिरत नाही. शेताच्या चारीतून पाणी जावं तसं सरळ आत. आमची मंडळी वाकून बघत म्हणाल्या, "पानी चाललं कुठी?" हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. १९६३ साली ऑस्ट्रियाच्या भूगर्भतज्ज्ञांनी इथल्या पाण्यात रंग सोडला. सुमारे दोन आठवड्यांनी तो बेटाच्या दुसऱ्या किनाऱ्याला, सामीजवळ कारावोमिलोस आणि मेलिसानीला वर आला. मधला सगळा डोंगर पाण्याने पोटातून पार केला होता. एकेकाळी या प्रवाहावर पिठाची गिरणी चालत असे. १९५३ च्या भूकंपानंतर जोर कमी झाला, त्यामुळे धबधब्याची आशा ठेवून जाऊ नका. पंधरा मिनिटं शांत उभे राहा, मग ते जाणवतं.

दुसऱ्या दिवशी सामीला जाऊन हेच पाणी बाहेर पडताना बघा. मेलिसानी म्हणजे छप्पर कोसळलेली गुहा आणि खाली तळं. एका बोगद्यातून उतरायचं आणि वल्ह्याच्या होडीत बसायचं. वेळ मात्र दुपारचीच धरा, बारा ते दोन. गर्दी नको म्हणून आम्ही सकाळी नऊला गेलो आणि विहिरीत डोकावल्यासारखं काळसर पाणी बघून आलो. पैसे गेले. जेवून परत साडेबाराला रांगेत उभे राहिलो. या वेळी ऊन वरच्या भगदाडातून सरळ खाली उतरलं होतं. पाणी इतकं निळं की तळाचे दगड मोजता येत होते, आणि होडीची सावली आमच्या खाली, तळावर, वेगळीच चाललेली. होडी पाण्यावर आहे हे डोळ्यांना पटेना. मंडळींनी बोट बुडवून जिभेला लावलं: मचूळ. समुद्राचं खारं आणि डोंगराचं गोडं इथे एक झालेलं असतं. होडीत जेमतेम दहा-पंधरा मिनिटं मिळतात. फोटो काढण्यात ती घालवू नका; जावईबुवांनी घालवली.

द्रोगाराती गुहा तिथून जवळच आहे, लवणस्तंभांची. पायऱ्या ओल्या असतात, गुडघे दुखणाऱ्यांनी कठडा सोडू नये. आत गार वाटतं. बघून व्हायला अर्धा तास पुरे.

मिर्तोसचा किनारा फोटोत पाहिला असेल. तो आधी वरच्या रस्त्यावरून बघा, मग खाली उतरा. वाळू नाही, पांढरे गोटे आहेत. आणि पाणी दोन पावलांत खोल होतं. हातनूरच्या बॅकवॉटरमध्ये पोहतो म्हणून इथे उडी मारायची नाही. मी गुडघाभर पाण्यात उभा होतो, तरी लाटेने पायाखालचे गोटे ओढले आणि मला बसवलं. एक सँडल समुद्राने ठेवून घेतली. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घेऊन जा. जळगावात स्वस्त मिळतात.

एनोस डोंगर १६२८ मीटरचा. त्यावर फरची झाडं आहेत, केफालोनियाचंच नाव असलेली जात. इतकी दाट की व्हेनिसवाले त्याला काळा डोंगर म्हणायचे. १९६२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. वर स्वेटर लागतं, सप्टेंबरातसुद्धा.

इथाका सामीहून अर्ध्या तासावर. बोट पिसाएतोसला लागते, तिथे धक्क्याशिवाय फारसं काही नाही, त्यामुळे गाडी बोटीत घालूनच न्या. होमरच्या महाकाव्यातला राजा ओडिसियस, त्याचं गाव म्हणून एक दिवस द्यायला हरकत नाही.

झाकिंथोसला मात्र दोन रात्री हव्यात. केफालोनियाच्या पेसादाहून उन्हाळ्यापुरती बोट असते, दिवसाला एक-दोन फेऱ्या. ती हुकली की दिवस गेला. ज्या जहाजाच्या सांगाड्यासाठी सगळे येतात तो नावाजिओचा किनारा: १९८० मध्ये पानायिओतिस नावाचं जहाज तिथे अडकलं. कडा ठिसूळ आहे. २०१८ मध्ये दरड पडून लोक जखमी झाले, २०२२ मध्ये पुन्हा कोसळली. तेव्हापासून किनाऱ्यावर उतरायला बंदी आहे. "उतरवतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. त्याऐवजी उत्तरेच्या बंदरातून लहान बोट घेऊन निळ्या गुहा बघा. तिथे पाण्यात घातलेला हातसुद्धा निळा दिसतो.

आणि लागानासचं आखात. कारेट्टा जातीची समुद्री कासवं इथे अंडी घालतात. १९९९ पासून हे सागरी उद्यान आहे. रात्री किनाऱ्यावर जायला मनाई असते, कारण पिल्लं उजेडाकडे धावतात आणि हॉटेलचा दिवा बघून समुद्राऐवजी रस्त्याकडे निघतात. छत्री कोरड्या वाळूत खोल खुपसायची नाही, खाली अंडी असू शकतात. पैसे देऊन कासवांमागे बोट पळवणारे भेटतील. त्यापेक्षा सोपं म्हणजे सकाळी अर्गोस्तोलीच्या धक्क्यावर उभं राहायचं. कोळी जाळी साफ करत असतात आणि काही कासवं तिथे येतातच. पहिलं आलं तेव्हा मला वाटलं कोणाची परात पाण्यात पडली. मग तिने मान वर काढून श्वास घेतला. खायला काही टाकू नका.

जेवणाचं सांगतो, कारण घरून तोच प्रश्न येणार. "होरीस क्रेआस" म्हणजे मांसाशिवाय. एवढे दोन शब्द पाठ करा. टोमॅटोत भाजलेला मोठा पांढरा वाल म्हणजे यिगांतेस, उकडलेला रानपाला म्हणजे होर्ता. अलिआदा ही बटाटा-लसणाची इथली चटणी आपल्या जिभेला लगेच जमते. मेलिझानोसालाता हे चक्क भाजलेल्या वांग्याचं भरीत, पण हिरव्या मिरचीवाचून. मंडळींनी पर्समधून ठेच्याची डबी काढली आणि शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले. मीट पाय, म्हणजे मांसाचं सारण भरलेली भाजलेली पारी, मागवू नका. बाहेरून आपल्याला भाजीची वाटते.

रविवारी बेटावरच्या बसवर विसंबू नका. परतीच्या विमानाआधी अथेन्सला एक रात्र हातात ठेवाच. वारा वाढला की तटरक्षक दल बोटी थांबवतं, आणि त्यापुढे कोणाचंही चालत नाही. पोरोसला आमची सकाळची बोट अशीच थांबली. खिडकीतल्या बाईंनी पाटी फिरवली आणि कॉफी प्यायला निघून गेल्या. लोक चिडत होते. मला मात्र होम सिग्नलला उभी राहिलेली मालगाडी आठवली. बॅगेत बिबड्या होत्या, आपले खानदेशी ज्वारीचे पापड. धक्क्यावरच्या दोरखंडवाल्याला एक दिली, त्याने ती उन्हात धरून आरपार बघितली, मग मोडली. दुपारी तीनला लाइन क्लिअर मिळाला.