डिझेल आणि विजेच्या छोट्या गाड्यांचे प्रदर्शन कसे पाहावे

रेल्वेच्या छोट्या, चालत्या प्रतिकृतींच्या प्रदर्शनाला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी प्लॅटफॉर्म तिकीट काढून बडोदे स्टेशनवर अर्धा तास उभे राहावे. टेबलावर धावणारी गाडी किती खरी उतरली आहे हे कळण्यासाठी खरी गाडी डोळ्यांपुढे ताजी असावी लागते. पादचारी पुलावरून नीट पाहिले तर ध्यानात येते की रुळांवरची विजेची तार सरळ रेषेत जात नाही. सरळ मार्गावरसुद्धा ती एका खांबापाशी मध्यरेषेच्या डावीकडे आणि पुढच्या खांबापाशी उजवीकडे, साधारण 20 सेंटिमीटरपर्यंत, सरकवलेली असते. तार एकाच जागी घासत राहिली तर पँटोग्राफच्या, म्हणजे इंजिनाच्या छतावरून तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याच्या, पट्टीला खाच पडेल, म्हणून ही नागमोडी रचना. इंजिनावर दोन पँटोग्राफ असले तरी सहसा मागचाच वर असतो, कारण तो मोडला तर त्याचे तुकडे दुसऱ्यावर आदळू नयेत. या दोन गोष्टी मनात ठेवून सभागृहात शिरावे.

आत गेल्यावर गाडीमागे धावू नये. एका लेआउटपाशी, म्हणजे टेबलावर रूळ आणि स्टेशने मांडून उभारलेल्या देखाव्यापाशी, निदान दहा मिनिटे थांबावे आणि गुडघे वाकवून डोळे रुळांच्या पातळीवर आणावेत. वरून पाहिले की सगळे खेळण्यासारखे दिसते. खालून पाहिले की तीच गाडी प्लॅटफॉर्मवर उभे राहून पाहावी तशी अंगावर येते. टेबले बहुधा मोठ्यांच्या छातीइतकी उंच असल्याने लहान मुलांसाठी घरून एखादे हलके स्टूल न्यावे.

मापाविषयी थोडे समजून घेतले तर मांडणाऱ्याचे कष्ट कळतात. अनेक लेआउट एचओ मापात असतात, म्हणजे खऱ्याच्या 87 व्या हिश्शाने, आणि त्यांच्या रुळांमधले अंतर 16.5 मिलिमीटर असते. हे अंतर परदेशातील 1435 मिलिमीटरच्या मार्गाशी जुळते. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा असल्याने त्याच हिशेबाने रूळ एकमेकांपासून सुमारे 19 मिलिमीटरवर हवे होते. त्यामुळे तयार रुळांवर उभे केलेले भारतीय इंजिन किंचित अरुंद पायांवर उभे असल्यासारखे वाटते, आणि त्यासाठी मांडणाऱ्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. वळणांचेही तसेच आहे. ब्रॉडगेजवरचे सर्वांत तीव्र, 175 मीटर त्रिज्येचे वळण या मापात दोन मीटरचे होते, आणि टेबलावर इतकी जागा कोणाकडे असते? एलएचबी या नव्या धाटणीचे 24 डबे जोडले तर गाडी साडेसहा मीटरच्या आसपास जाते. म्हणून सहा-सात डब्यांची गाडी पाहून हिरमुसू नये. मला तर वळणावर प्रमाणात शोभणारी आखूड गाडी लांबलचक गाडीपेक्षा अधिक खरी वाटते.

डिझेल इंजिनापाशी कानांचा उपयोग करावा. खऱ्या इंजिनात डिझेलवर चालणारे यंत्र वीज निर्माण करते आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी फिरतात; म्हणून गाडी सुटताना आधी आवाज चढतो आणि मग डबे हलतात. प्रतिकृतीत डिझेल नसते, तिला वीज रुळांतूनच मिळते. डिजिटल पद्धतीत रुळांत वीज सतत खेळती असते आणि इंजिनातला डिकोडर, म्हणजे आज्ञा ओळखणारा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग, केवळ आपल्या क्रमांकाची आज्ञा उचलतो, त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिने वेगवेगळ्या वेगाने चालवता येतात. उभ्या इंजिनाचा दिवा जळत असेल तर बहुधा ही पद्धत आहे असे समजावे. चालवणारा मुरलेला असेल तर डब्ल्यूडीएम-2 सारख्या इंजिनाचा धडधडाट प्रथम वाढवतो, क्षणभर थांबतो आणि मग गाडी मुंगीच्या गतीने काढतो. ही सुरुवात पाहायला मिळाली तर तिकिटाचे पैसे वसूल झाले.

विजेच्या लेआउटवर तार बहुतेक वेळा दाखवण्यापुरती असते. तरीही पँटोग्राफ तिला टेकला आहे का, तार नागमोडी बांधली आहे का आणि तिची उंची किती धरली आहे, हे जरूर पाहावे. नेहमीच्या मार्गावर ती सुमारे साडेपाच मीटरवर असते, म्हणजे एचओमध्ये 63 मिलिमीटर; एकावर एक कंटेनर ठेवून नेणाऱ्या पश्चिम मालवाहू मार्गावर ती साडेसात मीटरवर असल्याने तेच माप 86 मिलिमीटरपर्यंत जाते. जुन्या बडोदेकरांनी डब्ल्यूसीएएम-1 इंजिन दिसते का ते आवर्जून शोधावे. मुंबईकडचा तेव्हाचा 1500 व्होल्टचा एकदिश प्रवाह आणि विरारपासून बडोद्याच्या बाजूचा 25,000 व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह अशा दोन्हींवर ते चालत असे. माझे वडील मुंबईहून परतताना विरार आले की घड्याळ पाहत, ते मला अशा प्रत्येक इंजिनापाशी आठवते.

प्रश्न विचारावेत, पण गाडी उभी असताना. रुळांना बोट लावू नये, कारण बोटाच्या तेलकटपणाने वीज अडते आणि गाडी अडखळू लागते. शेव-उसळ खायची ती प्रदर्शन पाहून झाल्यावर. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवावा आणि टेबलावर रेलू नये.

कोणी बडोद्याजवळच्या डभोईचा नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांचा मार्ग, उभारला असेल तर तेथे जास्त वेळ द्यावा. 1862 मध्ये डभोई ते मियागाम या मार्गावर प्रथम बैलांनी गाडी ओढली होती, आणि पुढे याच परिसरात छोटी डिझेल इंजिनेही धावली. त्या मार्गाची 762 मिलिमीटर रुंदी एचओमध्ये पावणेनऊ मिलिमीटर होते, आणि एचओहून लहान अशा एन मापाचे तयार रूळ 9 मिलिमीटरचे असतात. ब्रॉडगेजला न साधणारा मेळ आपल्या डभोईला असा सहज बसतो, हे मांडणाऱ्याला सांगून पाहावे. शेवटच्या अर्ध्या तासात गर्दी ओसरलेली असते, आणि तेव्हा तो बहुधा तुम्हाला टेबलामागे नेऊन गाड्या जेथे दडवलेल्या असतात ते यार्डही दाखवील.