चार्जर लावला की लॅपटॉप रखडतो? या चुका टाळा

लाइन आली, चार्जर लावला, आणि बॅटरीवर बरा चालणारा जुना लॅपटॉप रखडायला लागला. इथे पहिली चूक होते ती थेट फॉरमॅट मारण्याची. फक्त चार्जिंगच्या वेळी येणारा संथपणा फॉरमॅटने क्वचितच जातो. दोष बहुधा अडॅप्टरचा, उष्णतेचा किंवा विंडोजच्या मागे चालणाऱ्या कामांचा असतो. यातला कोणता, ते आधी बघा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये जा. सीपीयूखाली, म्हणजे प्रोसेसरखाली, ‘स्पीड’ आणि ‘बेस स्पीड’ दिसतील. दहा मिनिटं बॅटरीवर नेहमीचं काम करा, मग चार्जर लावून तेच काम करा. चार्जर लावताच, काम चालू असूनही, स्पीड ०.४ ते ०.८ गिगाहर्ट्झवर अडकला तर अडॅप्टर तपासा. सुरुवात चांगली होऊन पंधरा-वीस मिनिटांनी पंखा घोंघावत असताना स्पीड घसरला तर उष्णता. सीपीयू निवांत आणि डिस्क मात्र १०० टक्के, तर मागची कामं.

पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालेल, असं समजू नका

जुन्या अडॅप्टरच्या लेबलवरचा आउटपुट वाचा. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असेल तर गुणाकार ६५ वॅट होतो. नव्याचे व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाही. ६५ वॅटच्या जागी ४५ वॅटचा लावला तर लॅपटॉप ताण टाळायला स्वतःच वेग उतरवतो. डेलच्या गोल पिनच्या मधोमध एक बारीक काडी असते. अडॅप्टर किती वॅटचा, हे लॅपटॉपला त्या काडीतून कळतं. ती वाकली किंवा आतली तार तुटली की अडॅप्टर अस्सल असूनही ओळखला जात नाही, बॅटरी चार्ज होत नाही आणि वेग तळाला जातो. सुरू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बघा: अडॅप्टरसमोर ‘अननोन’ दिसलं की निदान झालं.

मोटारपंप सुरू झाले की गावात व्होल्टेज पडतं, म्हणून स्टॅबिलायझर घ्यायची घाई करू नका. लॅपटॉपच्या बहुतेक अडॅप्टरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला असतो. १७० व्होल्टवरही ते नीट चालतात. त्यापेक्षा सैल सॉकेट बदला. आणि चार्जर लावल्यावरच कर्सर उड्या मारत असेल, धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर तो हँग नाही. अर्थिंग बघा, तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटात जोडून वापरू नका.

उष्णता: सगळ्यात जास्त लॅपटॉप इथेच अडतात

चार्ज होताना बॅटरी तापते, त्यात प्रोसेसरची भर पडते. मे महिन्यात टिनाच्या छताखाली बाहेरचीच हवा ४५ अंशांची, मग पंख्याने थंड करायचं कशाने? गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची जाळी बंद होते. लाकडी पाटावर ठेवा, मागची बाजू इंचभर उचला. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ओलाव्याने धूळ आत चिकटते.

ज्या घरात कापूस साठवलेला असतो, तिथे खरा त्रास तंतूंचा. पंखा आणि तांब्याच्या नळीला जोडलेल्या पातळ पत्र्यांच्या मध्ये त्यांचा नमद्यासारखा थर जमतो. बाहेरून फुंकलं की तो उलट पंख्यात जातो. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका. तिच्यात पाणी आणि तेल असतं, शिवाय पंख्याची बेअरिंग जाते. लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, खालचं झाकण उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पंख्याचे स्क्रू काढा आणि थर चिमट्याने अख्खा उचला. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट खडूसारखी वाळली असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या एक-दोन दाण्यांएवढी नवी लावा.

एवढं करूनही तापत असेल तर पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ प्लग्ड-इनसाठी ९९ टक्के करा. बहुतेक जुन्या लॅपटॉपवर याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा बेस स्पीडच्या वरचा वेग, बंद होतो. कमाल वेग थोडा जातो, पण मिळतो तो टिकतो.

डिस्क १०० टक्के

फाइलींचं इंडेक्सिंग (शोधासाठी यादी करणं) आणि देखभालीची बरीच कामं विंडोज बॅटरीवर आवरतं घेतं आणि चार्जर लागताच हाती घेतं. लाइन दोन-चार तासच असेल तर ती साचत जातात. एखाद्या रात्री चार्जर लावून, स्लीप न करता, दोन तास मोकळा राहू द्या. फिरती हार्ड डिस्क असेल तर २५६ जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा; जुन्या लॅपटॉपवर याहून चांगला खर्च नाही.

बॅटरी फुगली असेल तर थांबा

टचपॅड वर आला, क्लिक कडक झालं किंवा खालच्या झाकणाला फट पडली, तर चार्जिंग त्याच क्षणी बंद. दाबू नका, टोचू नका, जाळू नका. बॅटरी काढून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. नवी येईपर्यंत बरेच लॅपटॉप नुसत्या अडॅप्टरवर चालतात, पण काही मॉडेल बॅटरी नसताना वेग मुद्दाम कमी ठेवतात. तो बिघाड नव्हे, त्यासाठी मदरबोर्ड दुरुस्तीला टाकू नका.