जुन्या टेम्पोला इलेक्ट्रिक हँडब्रेक बसवायचाय? आधी मागचे ड्रम उघडा

इलेक्ट्रिक हँडब्रेक म्हणजे लिव्हरऐवजी स्विच दाबायचा आणि हँडब्रेकची केबल मोटर ओढते. पण मोटर फक्त केबल ओढते, गाडी धरतात ती मागच्या ड्रममधली लायनर, म्हणजे ब्रेक शूवरचा घासणारा थर. त्यामुळे हँडब्रेक आत्ताच धरत नाहीये आणि स्विच बसवला की धरेल असं ज्यांना वाटतंय त्यांनी पैसे खिशातच ठेवा.

हे सगळं जुनी पिकअप, टाटा ४०७ वगैरे हायड्रॉलिक ब्रेकच्या गाड्यांसाठी आहे, जिथे लिव्हर ओढला की केबल मागचे शू पसरवून ड्रमला आतून दाबते. एअर ब्रेकच्या मोठ्या ट्रकला याची गरजच नाही, तिथे स्प्रिंगच ब्रेक धरते आणि हवा तो सोडवते, त्या सिस्टिमला हात लावू नका.

चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि ड्रम उघडा. लायनर तेलकट असेल तर व्हील सिलिंडर नाहीतर हबचं सील गळतंय, ते आधी करा. ड्रमला खाच पडली असेल तर लेथवर टर्न करून घ्या, शू अ‍ॅडजस्ट करा. केबल हाताने ओढून सोडली की लगेच मागे गेली पाहिजे, अडकत असेल तर नवीनच टाका कारण गंजलेली केबल मोटर ओढेल हो, पण परत कोण नेणार? मग चालू गाडीत ब्रेक धरून राहतो आणि ड्रम तापून लाल.

आता मोटर किती ताकदीची घ्यायची. लिव्हरच्या पिनपासून हाताच्या मुठीपर्यंत समजा ३५ सेंमी आणि पिनपासून केबलपर्यंत ५ सेंमी, म्हणजे सातपट. तुम्ही ४० किलोने ओढत असाल तर केबलवर २८० किलो येतात. मग ४०० किलोच्या आसपास ओढणारा अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे दांडा आत-बाहेर सरकवणारी मोटर, घ्या. आतमध्ये स्क्रू-गिअर असलेलाच हवा, म्हणजे करंट गेला तरी ओढलेली केबल सुटत नाही. केबल किती सरकते ते टेपने मोजा आणि स्ट्रोक, म्हणजे दांडा जितका सरकतो ते अंतर, त्यापेक्षा थोडा जास्त ठेवा. खाली चिखल-पाणी उडतं, तेव्हा आयपी ६७ चाच, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा, बघा.

ब्रॅकेट पत्र्याला नाही, चेसिसच्या क्रॉस मेंबरला (आडव्या पट्टीला) लावा, आणि मोटर केबलच्या सरळ रेषेत यायला पाहिजे, तिरकी ओढली तर केबल आतून घासून तुटते. मध्ये एक जाड स्प्रिंग टाका. केबल ताणली गेली की ढील ती भरून काढते.

वायरिंगमध्ये लोक हमखास गडबड करतात. बॅटरीजवळच फ्यूज, १२ अँपिअरच्या मोटरला २० चा, आणि ४ स्क्वेअर एमएम वायर. उलट-सुलट फिरवायला दोन रिले, म्हणजे छोट्या करंटवर चालणारे स्विच. ब्रेक लावणं चावी बंद असतानाही चाललं पाहिजे, पण सोडणं मात्र चावी ऑन आणि पायाचा ब्रेक दाबलेला असेल तरच, त्यासाठी स्टॉप लाइटच्या स्विचमधून वायर घ्या, नाहीतर केबिनमध्ये बसलेल्या पोराचं बोट लागलं की गाडी चालली उतारावर. स्विचवर झाकण हवंच, जुन्या गाडीत स्पीडचा सेन्सर नसतो त्यामुळे धावत्या गाडीत चुकून दाबला तर अडवणारं दुसरं काही नाही. डॅशबोर्डवर लाल दिवा आणि बझर. आणि २४ व्होल्टच्या गाडीत दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायचा जुगाड करू नका राव, एक बॅटरी ओव्हरचार्ज होते आणि दुसरी उपाशी राहते, दोन्ही लवकर जातात. २४ ची मोटर घ्या.

जुना लिव्हर काढून टाकायचा का? माझं मत, अजिबात नाही. जागा मोकळी होते, तीन सीट आरामात बसतात हे मान्य, पण सिंगल सर्किटची, म्हणजे सगळ्या चाकांना ब्रेक ऑइलची एकच लाइन असलेली गाडी असेल आणि घाटात पेडल खाली गेलं तर हाताने थोडं-थोडं ओढता येणारी तेवढीच एक गोष्ट उरते, आणि स्विच थोडं-थोडं काही करत नाही. मोटर लिव्हरच्याच केबलवर अशी जोडा की दोघांपैकी कोणीही ओढू शकेल. बॅटरी मेली तर मोटर हाताने सोडवायची सोय कुठे आहे ते आधीच बघून ठेवा, आणि चाकाला दगड लावल्याशिवाय खाली घुसायचं नाही.

आरटीओला आधी विचारा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, आणि काही झालं तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच काढतात.

टेस्ट आधी रिकाम्या गाडीने, मग भरलेल्या. युरोपच्या आर १३ नियमात भरलेली गाडी १८ टक्के चढावर उभी राहिली पाहिजे, म्हणजे १०० मीटरला १८ मीटर चढ. तोंड वर करून एकदा, खाली करून एकदा, गिअर न्यूट्रल, माणूस पेडलवर तयार, आणि दगड चाकापासून वीतभर लांब. पंधरा मिनिटं थांबा. चाकावर आणि रस्त्यावर खडूने रेघ मारून ठेवा, बोटभर जरी सरकली तरी परत ड्रम उघडायचा.