मी थेरियन आहे का? ऑटिझम-एडीएचडी असलेल्या मोठ्यांनी कसं पडताळावं

'तुमच्यातला प्राणी ओळखा' छापाच्या चाचण्या आधी बाजूला ठेवा. त्या आवड मोजतात, आणि आवडीच्या बाबतीत ऑटिस्टिक माणसाचा हात कोण धरणार? सहा महिने लांडग्यांशिवाय दुसरं काही न वाचणं हा नुसता हायपरफोकसही (एकाच गोष्टीत पूर्ण बुडून जाणं) असू शकतो.

आपण आतून माणसाखेरीज दुसरा प्राणी आहोत असं ज्याला न ठरवता वाटतं, पण शरीर माणसाचंच आहे हे पक्कं ठाऊक असतं, तो थेरियन. १९९० च्या दशकात यूझनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावरच्या चर्चांतून या ओळखीला आकार आला. हे निदान नव्हे. फरी हा माणसासारख्या प्राणीपात्रांचा छंद, क्वाड्रोबिक्स हा हातापायांवर धावण्या-उड्या मारण्याचा व्यायाम; दोन्ही न करता माणूस थेरियन असतो आणि दोन्ही करूनही नसतो. प्राणी अगदी जिवाभावाचा वाटतो, पण 'तो म्हणजे मी' असं वाटत नाही, त्याला अदरहार्टेड म्हणतात. तग धरण्यासाठी ठरवून घेतलेली ओळख म्हणजे कोपिंगलिंक. यांतलं काहीही कमअस्सल नाही.

आता एक वही घ्या, आठ आठवड्यांसाठी. रकाने पाच: वेळ, शरीरात कुठे काय जाणवलं, तीव्रता ० ते ५, किती मिनिटं टिकलं, आणि आधीच्या चार तासांतली झोप, जेवण, गोंगाट, माणसं, औषध. नोंद अर्ध्या तासाच्या आत करा. प्राण्याचं नाव मात्र लिहायचं नाही. 'लांडग्यासारखं वाटलं' यातून काहीच कळत नाही. 'माकडहाडाखाली वजन, डावीकडे झुकलेलं, ३, दहा मिनिटं' यातून कळतं. भावनेला नाव सापडत नसेल (ऑटिझममध्ये हे बऱ्याचदा होतं) तर जागा, ताण आणि ऊब-गारवा एवढंच लिहा. एडीएचडीमुळे वही विसरत असेल तर फोनवर बोलून ठेवा. सुटलेले दिवस मागाहून भरू नका. आठवून लिहिलेलं नेहमी जरा जास्तच जुळून येतं.

शेपूट जाणवते का म्हणून लक्ष लावून बसलात तर ती बऱ्याचदा जाणवतेच. ती लक्षाची करामत. त्यामुळे बोलावून आलेल्या नोंदीपुढे 'ब' लिहा, आपसूक आलेलीपुढे 'आ', आणि शेवटी फक्त 'आ' मोजा.

पाचव्या आठवड्यापासून दर आठवड्याला एकच गोष्ट बदला: कानांवर हेडफोन, वेळेवर जेवण, पुरती झोप, रोज दोन तास मास्किंगशिवाय (चारचौघांसारखं दिसण्यासाठी स्वतःला न झाकता) एकांत. गोंगाट थांबताच गुरगुरणं थांबलं, तर ते बहुधा संवेदनांच्या भाराचं होतं. पोट भरलेलं, खोली शांत, तरीही 'आ' नोंदी येत राहिल्या तर त्यांना वजन द्या. चवड्यांवर चालणं पुरावा म्हणून धरू नका. ऑटिस्टिक लोकांत ते इतरांपेक्षा जास्त दिसतं. औषध बंद करून 'प्रयोग' तर अजिबात नको.

'हे ऑटिझममुळे की मी थेरियन आहे म्हणून?' याचं उत्तर वही देणार नाही. एकाच मेंदूतून दोन्ही येतात, एक खरं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

प्राणी कोणता, हे यानंतर. कथांतला नको, रानातला अभ्यासा. कळपावर हुकमत गाजवणारा 'अल्फा' लांडगा ही कल्पना पिंजऱ्यातल्या लांडग्यांवरून आली. रानातला कळप बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं असा असतो. ओढ त्या हुकमतीचीच असेल तर लांडगा पुन्हा तपासा.

ओसीडी (तेच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) असेल तर रोजची पडताळणी हीच सक्ती होऊन बसते. मग वही उघडायची ती रविवारी वीस मिनिटं, तीही जमत नसेल तर बंद. शरीर खरोखर बदलतंय अशी खात्री वाटणं, हुकूम देणारे आवाज, मधले तासन्‌तास आठवणीतून हरवणं, रात्रीमागून रात्री झोप नसूनही अंगात जोर असणं, यांपैकी काही असेल तर वही राहू द्या आणि मानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा.

आठ आठवड्यांनी शब्द जुळतोय असं वाटलं तर महिनाभर तो मनातल्या मनात वापरून बघा. कुणाला सांगायची घाई नाही. टोचला तर काढून टाका.